मिनिमल वेबसाइट करायला घेतलीय? आधी वही उघडा

मेतकूट, भाजणी आणि तीन प्रकारच्या चटण्या घरून विकणाऱ्या एका काकूंची वेबसाइट मी केली. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन पानी यादी माझ्या हातात ठेवली. होमपेजवर काय काय हवं? त्यांचा फोटो, सासूबाईंचा फोटो, गणपती, सरकता मजकूर, दिवाळीची ऑफर, बचत गटाने केलेला सत्कार, वर्तमानपत्रातलं कात्रण, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि तळाशी 'भेट दिल्याबद्दल आभारी आहोत'. यादी संपल्यावर खाली लिहिलं होतं : 'पण साइट एकदम सिंपल पाहिजे. ते मिनिमल का काय म्हणतात, तशी.'

काकूंना हसण्यात अर्थ नाही. मोठ्या ऑफिसांतूनही हीच यादी येते, तिथे सासूबाईंच्या जागी संचालकांचा संदेश असतो एवढंच. आपल्या लग्नपत्रिकेसारखं आहे हे. सगळ्या काका-मामांची नावं आली पाहिजेत, खाली पोरांचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' आलं पाहिजे, आणि एखादं नाव राहिलं की रुसवा. मिनिमल साइट करायची म्हणजे यातल्या बऱ्याच जणांना नाही म्हणायचं, आणि ते कॉम्प्युटर उघडण्याआधीच. पांढरी पार्श्वभूमी नि बारीक अक्षरं नंतर कोणीही लावतं. गंमत म्हणजे मराठी साइटवर नेमकी तीच चुकतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

ही शैली कुठून आली ते दोन मिनिटांत सांगते, कारण तिच्या खोडी तिथूनच कळतात. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या ग्राफिक डिझायनर मंडळींनी आखीव ग्रिड (म्हणजे उभ्या-आडव्या रकान्यांचा सांगाडा), भरपूर कोरी जागा आणि साधी, टोकांना फुलोरा नसलेली अक्षरं यांवर पोस्टरं केली. झुरिकचा योसेफ म्युलर-ब्रॉकमान त्यातला मोठा माणूस. हेल्व्हेटिका हा टाइपही स्वित्झर्लंडचाच, १९५७ चा. वेबवर याची लाट आली ती फोनमुळे. एवढ्याशा पडद्यावर गर्दी मावेना. २०१० मध्ये ईथन मार्कोटने पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप जुळणाऱ्या मांडणीला 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिलं, २०१२ मध्ये विंडोज ८ सपाट रंगीत चौकोन घेऊन आलं आणि २०१३ मध्ये ॲपलने आयओएस ७ मधून चामड्याची, कागदाची नक्कल करणारी सजावट काढून टाकली. थोडक्यात, ही सगळी शैली रोमन लिपीभोवती वाढली. देवनागरीचा विचार तिच्यात कोणी केलेला नाही, तो आपल्याला करायचाय.

पायरी १ : वहीत एक वाक्य लिहा

वाक्य असं : 'साइटवर आलेल्या माणसाने अमुक करावं.' अमुकच्या जागी एकच क्रियापद. काकूंच्या बाबतीत ते होतं, 'व्हॉट्सॲपवर ऑर्डर पाठवावी.' 'माहिती मिळवावी' असलं मोघम लिहू नका, त्यात सगळंच बसतं.

आता यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक खूण करा : पहिल्या पानावर, आतल्या पानावर, नको. त्या वाक्याला मदत करत असेल तरच पहिल्या पानावर. काकूंच्या यादीतून शेवटी उरलं ते एवढं : नाव, एक ओळ, पदार्थ त्यांच्या किमतींसकट, ऑर्डरचं बटण, कुरिअर कुठे कुठे जातं ते, आणि तळाशी एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी क्रमांक.

सासूबाईंच्या फोटोवर मात्र तासभर गेला. 'अगं, त्यांना मागच्या पानावर टाकलंस?' काकूंचा आवाजच बदलला. मी म्हणाले, 'काकू, फोटो आत राहू दे, पण मेतकुटाचं प्रमाण त्यांचं आहे ना? ते वरच लिहू.' आणि पहिल्या पानाची पहिली ओळ झाली, 'सासूबाईंच्या प्रमाणाने केलेलं मेतकूट.' सबंध साइटवर त्या ओळीपेक्षा चांगलं दुसरं काही नाही. काढायला बसलं की कधी कधी असा ऐवज हाती लागतो.

पायरी २ : खरा मजकूर आधी, चौकटी नंतर

टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यात, भरून आलेला लॅटिन मजकूर पाहून डिझाइन ठरवू नका. इंग्रजीत 'बाय' लिहिलेलं इवलंसं बटण असतं, तिथे आपल्याला 'ऑर्डर पाठवा' बसवायचं असतं. 'मेतकूट, २५० ग्रॅम, १२० रुपये' असा खरा मजकूर साध्या फाइलमध्ये टाइप करा, घरच्या कोणाला तरी वाचायला द्या आणि मगच चौकटी आखा. मजकूरच पाल्हाळिक असेल तर त्याच्याभोवती कितीही कोरी जागा सोडा, पान मिनिमल वाटत नाही. 'आपल्या सेवेत सदैव तत्पर', 'दर्जेदार व उत्कृष्ट' ही वाक्यं सरळ खोडा. वाचणारा ती वाचत नाहीच.

पायरी ३ : मोकळी जागा मोजून सोडा

नवीन माणूस जागा अंदाजाने सोडतो. इथे २०, तिथे २७, पुढे १५. डोळ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही. त्यावर जुना उपाय म्हणजे ८ चा पाढा. ८, १६, २४, ३२, ४८, ६४ पिक्सेल, यांशिवाय दुसरा आकडा वापरायचाच नाही.

त्यातही एक गोष्ट बहुतेक साइटवर चुकलेली दिसते. उपशीर्षकाच्या वर आणि खाली सारखीच जागा असते, त्यामुळे ते अधांतरी लोंबतं, वरच्या परिच्छेदाचं की खालच्या, कळत नाही. वर ४८ सोडा, खाली १६. लगेच ते आपल्या परिच्छेदाला जाऊन चिकटेल. ज्या गोष्टी एकमेकींच्या आहेत त्या जवळ ठेवल्या की रेघा, चौकटी, रंगीत पट्टे निम्म्याहून जास्त गळून पडतात.

मोठ्या पडद्यावर मजकुराचा स्तंभ ६५० ते ७०० पिक्सेलच्या पुढे नेऊ नका. ओळ फार लांब झाली की परत येताना नजर चुकीच्या ओळीवर उतरते. फोनवर कडेला १६ पिक्सेल पुरे.

आणि हो, 'इथे एवढी जागा रिकामी का? काहीतरी टाका ना' हा प्रश्न येणारच. त्यावर मी चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं उदाहरण देते. चाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो असतात, वाढदिवस कोणाचा ते सिग्नल सुटेपर्यंत सापडत नाही. हे बहुतेकांना पटतं.

उलट्या बाजूनेही फसता येतं. पहिल्या पडद्यावर फक्त एक मोठं शीर्षक आणि खाली नुसता पांढरा रंग ठेवलात, तर फोनवर माणसाला वाटतं पान संपलं. तो खाली सरकवतच नाही. पुढच्या भागाची थोडीशी वरची कड, एखाद्या फोटोची पट्टी, पडद्याच्या तळाशी डोकावू द्या.

पायरी ४ : अक्षरं, म्हणजे देवनागरी

मिनिमल डिझाइनमध्ये चित्रं नि सजावट काढली की उरतात अक्षरं. ती बिघडली तर झाकायला काहीच नसतं.

लेटर-स्पेसिंग या एका गोष्टीपासून दूर राहा. इंग्रजी मिनिमल साइटवर शीर्षकाची अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, टेम्प्लेटमध्ये ती आधीच लावलेली असते. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुटते. 'मेतकूट'चं 'मे त कू ट' होतं, दात पडल्यासारखं. टेम्प्लेट घेतल्यावर मी आधी ही किंमत शोधून शून्य करते. सगळी अक्षरं कॅपिटल करायची सेटिंगही आपल्याला निरुपयोगी, आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत. तिरप्या अक्षरांचंही तसंच. ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो, ते वाईट दिसतं. जोर द्यायचा तर एक पायरी ठळक वजन (म्हणजे अक्षराची जाडी) वापरा.

दुसरा घोळ ओळींमधल्या अंतराचा. मोठ्ठ्या शीर्षकांचा ट्रेंड आहे, आणि तिथे लाइन-हाइट १ किंवा १.१ ठेवतात. रोमनमध्ये ते घट्ट, झोकदार दिसतं. मी काकूंच्या साइटवर दोन ओळींचं शीर्षक केलं, वर 'घरगुती', खाली 'कुरकुरीत'. 'गु'चा उकार खालच्या वेलांटीत जाऊन अडकला. आपल्या लिपीला वरही मजले आहेत आणि तळघरही आहे, दोन्हींना जागा लागते. शीर्षकाला किमान १.३ आणि चालू मजकुराला १.६ ते १.८ ठेवा. अक्षराचा आकार १८ पिक्सेलपासून सुरू करा. रोमनला १६ चालतं, पण त्याच आकड्याला देवनागरी लहान दिसते, कारण तेवढ्याच उंचीत मात्रा आणि उकारही कोंबायचे असतात. बटणाची उंची पिक्सेलमध्ये पक्की करू नका. आतली वर-खालची जागा ठरवा आणि उंची आपोआप होऊ द्या, नाहीतर 'पूर्ण'चा रफार वरून कापला जातो आणि दीर्घ ऊकार खालून.

फॉन्ट एकच घ्या, त्याची दोन वजनं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचं 'मुक्ता' मोफत आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात आहेत, छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतं. इंडियन टाइप फाउंड्रीचं 'पॉपिन्स' गोलसर, भूमितीय वळणाचं आहे. शीर्षकाला छान, पण सलग चार परिच्छेद त्यात वाचायला मला जड जातात. लेखांची साइट असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा, त्यात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात.

हे ल-श प्रकरण लहान आहे, पण मराठी डोळ्याला टोचतं. कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आधी दिसतात, मराठी वळणाचे आत दडलेले असतात. पानाच्या कोडमध्ये सुरुवातीला एचटीएमएल टॅग असतो, त्यातल्या लँग (lang) या भाषा सांगणाऱ्या ॲट्रिब्यूटला 'एमआर' (mr) ही किंमत दिली की, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ते बाहेर येतात. टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचं 'ईएन' (en) असतं आणि कोणी बदलत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पान वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर भाषा ओळखतात तीही त्यावरूनच, तेव्हा हा बदल कराच.

हलकी वजनं, म्हणजे लाइट आणि थिन, चालू मजकुराला नकोत. स्वस्त फोनवर क्षचे आणि ज्ञचे बारीक दुवे विरघळून जातात.

पायरी ५ : रंग तीन, आणि राखाडीपासून सावध

एक पार्श्वभूमीचा, एक मजकुराचा, एक बटणाचा. काकूंकडे बटणाचा रंग हळदीचा घ्यायचा मोह झाला, पण पिवळ्यावर पांढरी अक्षरं दिसेनात. शेवटी लाल तिखटाचा गडद रंग घेतला आणि तो फक्त बटणालाच ठेवला. जो रंग दाबायच्या गोष्टीला दिलाय तो शीर्षकाला, रेघेला, चिन्हाला देऊ नका. मग माणसाला शोधावं लागत नाही.

आता माझी चूक. मजकूर शुद्ध काळा नको, जरा सौम्य, म्हणून मी पदार्थांची वर्णनं #९९९९९९ या कोडच्या राखाडी रंगात केली. माझ्या लॅपटॉपवर काय देखणं दिसत होतं! काकूंनी दुपारी अंगणात उभं राहून फोनवर उघडलं आणि विचारलं, 'हे पुसट का गं? शाई संपली होती का?'

याला मोजमाप आहे. वेबच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, साध्या आकाराच्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक) सांगितलाय, मोठ्या मजकुराला ३ : १. पांढऱ्यावर #९९९९९९ जेमतेम २.८ भरतो. #७७७७७७ किंचित कमी पडतो, #७६७६७६ काठावर पास होतो. (कोडमध्ये अर्थात इंग्रजी आकडे.) तुम्ही काठावर चालू नका. #३३३३३३ घ्या, तो १२ च्या पुढे जातो आणि तरीही काळाकुट्ट वाटत नाही. ऑनलाइन कॉन्ट्रास्ट तपासणारी साधनं फुकट आहेत, दोन रंग टाकले की आकडा सांगतात.

पायरी ६ : मेनू आणि बटणं

तीन आडव्या रेघांचं चिन्ह, ज्याला हॅम्बर्गर म्हणतात, ते नॉर्म कॉक्सने १९८१ च्या झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरसाठी काढलं होतं. फोनमुळे ते परत आलं आणि आता रुंद पडद्यावरही लोक मेनू त्यात लपवतात, पान रिकामं दिसावं म्हणून. पाचपेक्षा कमी दुवे असतील तर सरळ शब्दांत लिहा : पदार्थ, आमच्याविषयी, संपर्क. लपवायचंच असेल तर रेघांशेजारी 'मेनू' एवढा शब्द तरी ठेवा. नुसत्या चिन्हांवर भिस्त नको. पिशवीचं चित्र म्हणजे खरेदीची यादी हे तुम्हाला पाठ आहे, काकूंच्या गिऱ्हाइकांना नाही.

एका पडद्यावर भरीव रंगाचं बटण एकच. बोटाला सहज सापडावं म्हणून आतली वर-खालची जागा अशी ठेवा की उंची किमान ४४ ते ४८ पिक्सेल भरेल.

पायरी ७ : फोटो आणि वजन

दिसायला साधी आणि उतरायला जड, अशा साइट भरपूर आहेत. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. रुंदी १२०० पिक्सेल करा, वेबपी स्वरूपात जतन करा, २०० केबीच्या आत आणा. पानातला सगळ्यात मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, ही गूगलची मोजपट्टी आहे. क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या साधनात तो वेळ बघता येतो. देवनागरी फॉन्टच्या फाइल जोडाक्षरांमुळे रोमनपेक्षा जड असतात, दोनच वजनं घ्या म्हटलं ते यासाठीही. फोटो मात्र स्वतः काढा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, साध्या पितळी वाटीत मेतकूट. परदेशी मॉडेलचे हसरे विकतचे फोटो कोऱ्या पानावर जास्तच खोटे वाटतात.

पायरी ८ : ट्रेंडमधलं काय उचलायचं

डार्क मोड, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं, २०१९ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींवर आला. पहिल्याच साइटला त्याच्या नादी लागू नका, रंगांचं सगळं काम दुप्पट होतं. घोस्ट बटण, म्हणजे आत रंग नाही, नुसती बारीक चौकट : दुय्यम कामाला ठीक, मुख्य कामाला नको. अगदी सपाट डिझाइनमध्ये दाबायचं काय आणि वाचायचं काय हे कळेनासं होतं. गूगलने २०१४ च्या मटेरियल डिझाइनमध्ये हलक्या सावल्या ठेवल्या, त्या उपयोगी आहेत. धूसर काचेचा परिणाम मधूनमधून परत येतो, २०२५ मध्ये ॲपलनेच 'लिक्विड ग्लास' आणलं. पण काचेमागे फोटो हलला की वरची अक्षरं वाचायची कशी, हा प्रश्न उरतोच. वेगवेगळ्या आकारांच्या चौकोनांची, जेवणाच्या डब्यासारखी 'बेंटो' मांडणी मला आवडते. पाच-सहा पदार्थांना ती अगदी फिट बसते, फोनवर चौकोन एकाखाली एक येतात. खाली सरकवलं की मजकूर तरंगत येतो ते ॲनिमेशन सरळ बंद करा. गिऱ्हाईक किंमत बघायला आलंय.

मोठी साइटही साधी राहू शकते हे बघायचं असेल तर ब्रिटन सरकारची गव्ह डॉट यूके उघडा. २०१२ पासून त्यांनी अनेक सरकारी साइट एकीत आणल्या, २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमचा वर्षातल्या सर्वोत्तम डिझाइनचा मान तिला मिळाला. तिथे मिरवण्यासारखं काहीच नाही. मोठी अक्षरं, एक हिरवं बटण, सरळ वाक्यं. सरकारी कामाला आणखी काय लागतं?

पायरी ९ : दुसऱ्याच्या हातात फोन द्या

लॅपटॉप मिटा. साइट न पाहिलेल्या तिघांना, त्यातला एक साठीच्या पुढचा, त्यांच्याच फोनवर उन्हात उघडायला सांगा आणि म्हणा, 'पाव किलो मेतकूट मागवा.' मग गप्प बसा. 'ते बटण खाली आहे बघा' असं एकदाही बोलायचं नाही. कुठे बोट अडखळतं ते वहीत लिहा.

माझ्या वेळी तिघांनाही बटण सापडलं, किमती दिसल्या, व्हॉट्सॲप उघडलं. साइट चालू झाली आणि पहिल्या आठवड्यात काकूंच्या फोनवर जवळजवळ प्रत्येक ऑर्डरसोबत एकच प्रश्न यायला लागला : '१२० रुपये म्हणजे किती ग्रॅम?' पायरी २ मध्ये टाइप केलेलं '२५० ग्रॅम' मी शेवटच्या दिवशी, ओळ जरा मोकळी दिसावी म्हणून, काढून टाकलं होतं. त्याच रात्री ते परत लावलं.